मोबाईल हवाच, पण शाळेच्या बदल्यात नको!

शाळकरी मुलांना अभ्यासाची गोडी लावायची असेल तर मोबाईल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब यांचा वापर करा, असा सल्ला हल्ली सगळीकडून दिला जातो. तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने ज्ञानाचे कोणतेही नवे दार नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे दार कोणासाठी उघडते आणि उंबरठ्याबाहेर कोण राहते, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

या प्रश्नाचे उत्तर कोरोनाकाळाने दिलेले आहे. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागले. महाराष्ट्रात ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या नावाने मोबाईलवरून अभ्यास धाडला गेला. पण तो पोहोचणार कोठे? ग्रामीण भारतात 100 पैकी जेमतेम 15 घरांत इंटरनेट आहे, हे सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने 2017-18 साली नोंदवले होते. शिक्षण जिवंत असल्याची घोषणा करणाऱ्यांना हा आकडा ठाऊक नव्हता काय?

परिणाम काय झाला, तेही समोर आले. ऑगस्ट 2021 मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आदी अर्थतज्ज्ञांच्या पुढाकाराने महाराष्ट्रासह 15 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांमध्ये सुमारे 1,400 मुलांची पाहणी झाली. त्यात ग्रामीण भागात नियमित ऑनलाईन शिकणारी मुले अवघी 8 टक्के निघाली. त्यातही दलित-आदिवासी मुले 4 टक्के, तर इतर 15 टक्के! म्हणजे गरिबीतही जात आडवी आलीच. घरात एकच फोन, तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात. तो संध्याकाळी परत येईपर्यंत पोराचा तास संपलेला. त्यात रिचार्जचा खर्च मजुरीतूनच. अशा घरातल्या मुलाला ‘गैरहजर’ म्हणणे हा शुद्ध अन्याय होता.

आता काळ बदलला, फोन घरोघरी पोहोचले, असे सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. ‘असर’ 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. परंतु पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरल्याचे 57 टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी 76 टक्के मुलांनी. फोन पोहोचला म्हणून शिक्षण पोहोचत नाही, हे यातून स्पष्ट होते. सुशिक्षित घरात मुलाच्या शेजारी बसणारे कोणीतरी असते. आमच्या वस्तीतल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला शिक्षकाशिवाय दुसरा आधार नाही. कंपन्यांना तर मुलांचे लक्ष हाच माल आहे. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांच्या संमतीची अट घातली. पण ज्या आईबापांना शाळाच मिळाली नाही, त्यांची संमती ती कसली? पूर्वी अंगठा कागदावर उठायचा, आता पडद्यावर उठेल, एवढाच फरक.

मग मोबाईल निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार यंत्राला नव्हे, शिक्षकाला मिळाला, हे आम्ही विसरता कामा नये. आधी सरकारी शाळा, तिच्यात शिक्षक आणि मग त्याच्या हातातले साधन, हाच क्रम योग्य आहे.

हा क्रम उलटवला जाण्याची भीती आम्हाला वाटते. राज्यात 2023 साली 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याची योजना पुढे आली. उद्या ‘मोबाईल आहे ना, मग वस्तीवर शाळा कशाला?’ असे म्हणायला कितीसा वेळ लागणार? वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा इंग्रजी अमदानीतला विचार होता. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी त्याविरुद्ध बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. तोच झिरपा आज मोबाईलच्या वेषात येत असेल, तर तो ओळखलाच पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मोबाईलवर दिलेला प्रत्येक पाठ मुलांना छापील स्वरूपातही मिळावा. फोन नाही म्हणून कोणाची हजेरी वा गुण जाऊ नयेत. उपकरणे आणि इंटरनेट शाळेच्या, समाजकल्याणच्या वसतिगृहांच्या व आश्रमशाळांच्या मालकीचे असावेत. त्यांचा भार मजुराच्या खिशावर नको. आणि शिक्षकांची रिक्त पदे आधी भरावीत. 6 ते 14 वयोगटाला मोफत शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला आहे. त्या हक्कासाठी आईबापाला रिचार्ज मारावा लागत असेल, तर ते शिक्षण मोफत कसले? समाजातील पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न उभा करावा. शाळा वाचली तरच मोबाईल कामाचा!