प्रिंट केलंत, पण मोजलंत का?

दोस्तांनो, पहिल्याच प्रॅक्टिकलला 'हॅलो वर्ल्ड' सगळ्यांनीच प्रिंट केलंय. जर्नलवर सही मिळाली, विषय संपला! खरी गंमत मात्र त्यानंतर सुरू होते.

बॅकस्लॅशचंच घ्या. त्याच्यापुढे छोटा एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब. त्यामुळे इंग्रजीतल्या 'न्यू' नावाच्या फोल्डरचा विंडोजमधला पत्ता जसाच्या तसा छापायला गेलात, तर मधेच ओळ तुटते. तिथे बॅकस्लॅश दोनदा द्यावा लागतो. हे पाठ करून लक्षात राहत नाही, एकदा फजितीच व्हावी लागते.

आता त्याच कंसात मराठी टाका. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून मजकूर युनिकोडमध्येच असतो, म्हणून 'क्षितिज' झकास उमटतं. त्याची लांबी विचारा. आपल्या हिशेबात अक्षरं तीन, उत्तर येतं सात! क, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. मशीनच्या लेखी प्रत्येक गोष्ट वेगळी. शब्द उलटा करायला सांगितलात तर 'जितिष्क' असं भलतंच काहीतरी हाती येतं.

हसू नका. उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी प्रवेशाचा फॉर्म बनवेल आणि नावाला दहाची मर्यादा घालेल. 'ज्ञानेश्वरी' आपल्याला चार अक्षरी, मशीनला अकरा. शेवटची वेलांटी कापली जाईल आणि मुलींच्या यादीत नाव लागेल, 'ज्ञानेश्वर'.