दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिले आहे?

दिघ्याच्या वस्तीतली एक बाई आमच्या बैठकीत म्हणाली, "ताई, डॉक्टर खरा की खोटा हे आम्हाला काय कळणार? इंजेक्शन घेतलं की दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं, एवढंच कळतं." कायदे पाठ असलेल्या आम्ही कार्यकर्त्या त्यावर गप्प झालो.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्यातल्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला, तेव्हा मला ती आठवली. 2014 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना अ‍ॅलोपॅथीची औषधे देण्याची मुभा दिली. इंडियन मेडिकल असोसिएशन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. 2025 मध्ये या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी करायचे ठरले आणि भांडण रस्त्यावर आले. एक बाजू म्हणते, वर्षभरात कोणी डॉक्टर होत नाही. दुसरी म्हणते, वस्त्यांत आणि खेड्यांत आम्हीच तर बसतो. दोघांचेही अर्धे खरे आहे. पण या भांडणात दिघ्याची बाई कुठेच नाही.

नोंदणी हवी, याबद्दल माझे दुमत नाही. नोंदणीशिवाय व्यवसाय करण्यास 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने बंदी घातली. कळा वाढवण्यासाठी अंदाजाने दिलेले इंजेक्शन बाई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. गर्भपात 1971 च्या कायद्याने ठरावीक अटींवर कायदेशीर आहे, तरी लाजेपायी, पैशांपायी चुकीच्या हाती पडणाऱ्या बायका आपण पाहतोच.

पण नोंदणी झाली म्हणजे बाई सुरक्षित झाली, असे नव्हे. बीडचे काय झाले? नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2019 मध्ये 82 हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची माहिती घेतली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या. तिथे कुणी भोंदू बसला नव्हता. तिथे कमी होते ते बाईला सगळे समजावून सांगणे आणि तिची खरी संमती.

म्हणून "कोणत्या पॅथीला परवाना?" एवढ्यावर आपण थांबू नये. परवाना देणाऱ्यांना जाब कोण विचारणार? वैद्यक परिषदेवर काही सदस्य डॉक्टरांनी निवडलेले असतात, काही सरकारने नेमलेले. रुग्णांनी निवडलेले कोणीच नसते. तक्रारीचा न्याय डॉक्टरच करतात.

आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक दवाखान्याच्या पाटीवर पदवी, पॅथी आणि नोंदणी क्रमांक मराठीत, ठळक असावा. दिलेले औषध कागदावर लिहून मिळावे. शुश्रूषागृहांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावावे, असे 2021 पासून राज्याचे नियमच सांगतात. महापालिकेने ते तपासावे. परिषदेवर स्त्री-संघटनांच्या प्रतिनिधी असाव्यात. आणि सरकारी दवाखाना संध्याकाळी, बायका कामावरून परततात तेव्हा, उघडा असावा. तो बंद असतो म्हणूनच तर ती इंजेक्शनवाल्याकडे जाते.

पुढच्या बैठकीआधी आम्ही वस्तीत फिरून दवाखान्यांच्या पाट्या वाचणार आहोत. वाचता न येणाऱ्या मैत्रिणीही सोबत असतील. नोंदणी क्रमांक कुठे शोधायचा, हे त्यांना दाखवायचे आहे. तुमच्या भागात तुम्हीही हे करा.