दोघांचा एकच डाव

कन्सोलवरचे सहकारी खेळ म्हणजे दोघांनी, क्वचित तिघा-चौघांनी, एकाच बाजूने यंत्राविरुद्ध खेळायचे खेळ. व्हिडिओ गेम रुजले ते मात्र चुरशीवर. अटारी कंपनीच्या १९७२ सालच्या ‘पाँग’मध्ये एक चेंडू, दोन फळ्या आणि समोरासमोर ठाकलेले दोन प्रतिस्पर्धी एवढाच मामला होता. त्याच अटारीने १९७८ साली गेम पार्लरांसाठी ‘फायर ट्रक’ नावाचे यंत्र काढले. त्यात आगीच्या बंबाचा पुढचा भाग बसलेला खेळाडू चालवी आणि मागच्या लांबलचक ट्रेलरचे स्टिअरिंग त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या हाती असे. एकाने वळण घेतले आणि दुसऱ्याचे लक्ष नसले, की गाडी आदळलीच. हात वेगवेगळे आणि फळ सामाईक, हे या प्रकाराचे मूळ तत्त्व तिथेच दिसते. घरात ते कन्सोलमुळे आले. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमला दोन कंट्रोलर कायमचे जोडलेले असत. दुसऱ्या कंट्रोलरवर ‘स्टार्ट’चे बटण नव्हते, त्याऐवजी छोटा मायक्रोफोन होता. खेळ सुरू करण्याचा मान घरच्याचा, ओरडण्याची सोय पाहुण्याची, अशी ही वाटणी.

या खेळांवरचे आक्षेप जुने आहेत, पण सगळे सारख्या योग्यतेचे नाहीत. त्यातला सर्वांत ठाम आणि सर्वांत कच्चा असा की, प्रतिस्पर्धी नाही तो खेळ कसला? हरवायला समोर माणूस नसेल तर जिंकण्याला चव नाही, असे मैदानी खेळांत मुरलेली मंडळी म्हणतात. त्यांनी मंगळागौरीची फुगडी आठवावी. हातांची अढी घातलेली, पावले जवळजवळ, अंग मागे टाकलेले. एकीने हात सोडला तर दोघीही आपटतात. तिथे कोण कोणाला हरवते? विरोध असतो तो तोलाचा, वेगाचा आणि दमाचा, आणि तो पुरेसा असतो. खेळाला अडथळा लागतो हे खरे, पण अडथळा माणसाचाच हवा ही अट कुणी घातलेली नाही.

उलट, जोडीदार हीच खेळाची अट करणारे खेळही फार आधी झाले. ताइतो कंपनीच्या १९८६ सालच्या ‘बबल बॉबल’मध्ये शंभर पातळ्या आहेत. फुगे सोडणारे दोन छोटे ड्रॅगन, गोंडस संगीत. वरवर पाहता बाळबोध प्रकार. पण एकट्याने शंभरावी पातळी ओलांडली, तरी खेळ खरा शेवट दाखवत नाही. मित्राला सोबत घेऊन पुन्हा यायला सांगतो. कितीही कसबी खेळाडू असला तरी एकट्याने ही अट पुरी करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. खेळाच्या नियमांतच मैत्रीची गरज अशी विणणे, हे त्याचे निर्माते फुकिओ मित्सुजी यांचे श्रेय.

महाराष्ट्रातल्या ज्या पिढीने नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून वापरल्या, हजारो खेळांची बढाई मारणाऱ्या आणि प्रत्यक्षात तेच ते पाच-सहा खेळ उलटसुलट दाखवणाऱ्या ‘कॅसेटी’ फुंकर मारून बसवल्या, तिच्यासाठी सहकारी खेळ म्हणजे ‘कॉन्ट्रा’. कोनामीचा हा खेळ पार्लरमध्ये १९८७ साली आणि घरच्या यंत्रावर १९८८ साली आला. निळ्या पँटचा एक शिपाई, लाल पँटचा दुसरा, आणि समोरून येणाऱ्या गोळ्यांचा पाऊस. गोळी लागली की एक लाइफ गेली. कथा नगण्य, खेळाची खरी गंमत सामाईक गोष्टींच्या वाटपात आहे.

हवेतून उडत येणारे शस्त्र फोडले की खाली एकच चिन्ह पडते. पाच दिशांना गोळ्या फेकणारी ‘एस’ची गन आली तर ती कोणी घ्यायची? आधी पोहोचेल त्याची, हा यंत्राचा नियम. पण ज्याची गन नुकतीच गेली त्याला ती मिळावी, हा दोघांनी आपसात ठरवलेला नियम, आणि तो मोडणाऱ्याला पुढची दहा मिनिटे ऐकून घ्यावे लागते. एकाच्या लाइफ संपल्या तर त्याला बटण दाबून दुसऱ्याच्या शिल्लक लाइफमधून एक घेता येते. त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही. उसने घेणे आणि लुबाडणे यांतली सीमा इथे यंत्र आखत नाही. तिसऱ्या पातळीवर धबधबा येतो. पडदा फक्त वर सरकतो, आणि घाईघाईने उड्या मारत वर गेलेला खेळाडू खाली राहिलेल्याला पडद्याच्या कडेखाली ढकलून मारतो. एकही गोळी न झाडता मित्राला मारण्याची ही तऱ्हा मुद्दाम योजलेली असो वा यंत्राच्या मर्यादेतून आलेली असो, तिने एक गोष्ट पक्की केली: आपला वेग दुसऱ्याच्या वेगाला बांधलेला आहे. धबधबा पार करणारी जोडी थांबायला शिकलेली असते, आणि न थांबणारी जोडी तिसऱ्या पातळीपलीकडे फारशी जात नाही.

दुसरा आक्षेप एकलकोंडेपणाचा. पडदा माणसाला माणसापासून तोडतो, असे सरसकट म्हटले जाते. या विधानात मोबाइलवरच्या रीळा, पैसे लावून खेळली जाणारी रमी आणि मित्राच्या शेजारी बसून खेळलेला ‘कॉन्ट्रा’ हे सारे एकाच पोत्यात भरलेले असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ वेगळे काढले. कायद्याला जो भेद कळतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांना कळायला हरकत नसावी. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार नोंदवला आहे. ही आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. विकाराची लक्षणे तिथे नेमकी दिली आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, तेही साधारण वर्षभर. नुसते खेळणे हा त्यात आजार नाही. सहकारी खेळ या धोक्यापासून मुक्त आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. ‘अजून एकच डाव’ हा आग्रह मित्राने केला तर मोडणे अधिक कठीण जाते, आणि ऑनलाइन टोळ्यांत रात्री जागवल्या जातात त्या याच आग्रहापायी. तरी शेजारी बसून खेळण्याला एक कुंपण आपोआप पडते. मित्राला कधीतरी घरी जायचे असते.

हिंसेबद्दलचा आक्षेप इथे थोडक्यात आटोपता येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सहभागी लोकांना ‘हेलो २’ हा गोळीबाराचा खेळ दिला गेला. काहींनी तो एकमेकांविरुद्ध खेळला, काहींनी एका बाजूने. नंतरच्या देवाणघेवाणीच्या कसोटीत एका बाजूने खेळलेल्यांची वागणूक अधिक सहकाराची दिसली. खेळ तोच, बंदुका त्याच. फरक बाजूंचा होता. पण हा प्रयोगशाळेतला, त्या वेळेपुरता निष्कर्ष आहे आणि त्यावर इमले चढवू नयेत.

इमले चढवणारे बहुधा या खेळांचे समर्थकच असतात, म्हणून त्यांचेही खंडन करणे भाग आहे. सहकारी खेळ सांघिक वृत्ती शिकवतात, नेतृत्वगुण वाढवतात, पुढे नोकरीत उपयोगी पडतात, अशी भलामण ऐकू येते. कॅरमचे समर्थन नेमबाजीच्या सरावासाठी करावे, तितकीच ती केविलवाणी आहे. ‘ओव्हरकुक्ड’ हा २०१६ सालचा खेळ घ्या. त्यात चिरणे, शिजवणे, वाढणे आणि ताटल्या विसळणे ही कामे घड्याळाच्या काट्यावर दोघांनी मिळून करायची असतात, आणि मधेच स्वयंपाकघराचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांपासून दूर सरकतात. त्यात तत्परतेने ताटल्या विसळणारा हात घरच्या मोरीतल्या भांड्यांकडे वळेलच, असे कुणी छातीठोक सांगू नये. खेळाचे मोल बाहेरच्या उपयोगावर ठरवायला गेले, की उपयोग सिद्ध न होताच खेळ निकालात निघतो.

पुढचा आक्षेप खरोखर जड आहे. दोघांचे कौशल्य सारखे नसले, की एक खेळतो आणि दुसरा फरफटत जातो. धाकट्या भावाच्या हाती न जोडलेला कंट्रोलर देऊन त्याला खेळत असल्याचा भास करून द्यायची युक्ती घरोघरी झाली, ती याच अडचणीतून. खेळ रचणाऱ्यांनी यावर बरेच उपाय करून पाहिले. २००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलक्सी’त दुसऱ्या खेळाडूने पडद्यावर फक्त एक खूण फिरवायची आणि चांदण्या गोळा करायच्या, हा अधिकृत लिंबूटिंबूच. २००९ च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये अवघड जागी बुडबुड्यात शिरून तरंगता येते आणि पुढे गेलेल्याने बुडबुडा फोडला की पुन्हा खेळात उतरता येते. २०१७ च्या ‘कपहेड’मध्ये मेलेल्या जोडीदाराचा आत्मा पडद्यावर वर वर जाऊ लागतो, तो निसटण्यापूर्वी दुसऱ्याने उडी मारून त्याला अचूक टिपले, तर तो जिवंत होतो. हा शेवटचा उपाय अधिक चांगला, कारण त्यात कच्च्या खेळाडूचे मरण पक्क्या खेळाडूचे काम बनते. पण तिन्हींत मूळ विषमता कायम राहते.

तिचे उत्तर स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओने अधिक खोलवर जाऊन दिले. जोसेफ फारेस यांच्या दिग्दर्शनाखाली या स्टुडिओने २०१८ साली ‘अ वे आउट’, २०२१ साली ‘इट टेक्स टू’ आणि २०२५ साली ‘स्प्लिट फिक्शन’ असे तीन खेळ काढले, आणि तिन्ही दोघांवाचून खेळताच येत नाहीत. ‘इट टेक्स टू’त घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे जोडपे बाहुल्यांच्या देहात अडकते. हत्यारांच्या खोलीत नवऱ्याकडे खिळे आहेत, बायकोकडे हातोडा. त्याने भिंतीत खिळा मारल्याशिवाय तिला लोंबकळून पलीकडे जाता येत नाही. पुढच्या प्रकरणात एकाच्या बंदुकीतून चिकट रस निघतो आणि दुसरीच्या बंदुकीतून पेटती काडी; स्फोट व्हायचा तर दोन्ही हवीत. दर प्रकरणाला ही साधने बदलतात. त्यामुळे कुणीच कायमचा पटाईत राहत नाही, आणि ‘तुझे मी करून देतो’ ही सोय मिळत नाही, कारण दुसऱ्याच्या हाती असलेले काम पहिल्याच्या हाती नसतेच. कौशल्यातली तफावत उरते, पण तिचा अधिकार बनत नाही.

या खेळांचे खरे मोल इथे दिसते. मैत्रीला काहीतरी निमित्त लागते. विशेषतः ज्यांना समोरासमोर बसून मनातले बोलायचा संकोच वाटतो, अशांची मैत्री काम करता करता, एकाच दिशेला पाहत वाढते. खेळातले बोलणे तुटक असते: ‘थांब’, ‘आता’, ‘डावीकडे’, ‘मेलो’. पण तासाभरात जोडीदाराचा स्वभाव उघडा पडतो. कोण आंधळी धाव घेतो, कोण शस्त्र साठवून ठेवतो, कोण विसाव्यांदा मेल्यावर हसतो आणि कोण कंट्रोलर गादीवर आपटतो, हे चहाच्या टपरीवरच्या वर्षभराच्या गप्पांतही कळेल असे नाही. आणि या चुकांची किंमत जवळपास शून्य असते. पुन्हा सुरू केले की सगळ्या लाइफ परत. मित्रापुढे इतक्या वेळा, इतक्या निर्धास्तपणे अपयशी होण्याच्या जागा मोठेपणी फार थोड्या उरतात.

या नात्यात जोर आहे, याचा पुरावा ते मोडणाऱ्या खेळांत मिळतो. १९८७ च्या पार्लरमधल्या ‘डबल ड्रॅगन’मध्ये दोघांनी मिळून शेवटचा खलनायक लोळवला, की यंत्र त्या दोघांनाच एकमेकांशी लढायला लावते. ‘अ वे आउट’चा शेवटही तसाच, आणि कित्येक पटींनी बोचरा, कारण तोवर दोघा कैद्यांनी एकमेकांना आधार देत तुरुंग फोडलेला असतो. खोट्या जगातला सहकार खोटाच असता, तर हा घाव लागला नसता.

उरला व्यवहाराचा आक्षेप, आणि तो बराचसा खरा आहे. भारतात २०२१ साली आलेल्या प्लेस्टेशन ५ ची किंमत ४९,९९० रुपये होती आणि खोक्यात कंट्रोलर एकच. दुसऱ्यासाठी आणखी ५,९९० रुपये. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रासोबत जी गोष्ट अंगभूत मिळत होती, ती आता वेगळी विकत घ्यावी लागते. खेळांनीही पाठ फिरवली. २००१ चा ‘हेलो’ एकाच टीव्हीचे दोन भाग करून मित्रासोबत संपूर्ण खेळता येई. २०१५ च्या ‘हेलो ५’ने ती सोय काढून टाकली, आणि ‘हेलो इन्फिनिट’साठी तिचे दिलेले आश्वासन २०२२ साली मागे घेतले गेले. एक यंत्र दोन चित्रे रंगवताना दमते, हे तांत्रिक कारण खरे. एका खोलीत दोघे खेळले की प्रत एकच खपते, हेही तितकेच खरे. म्हणून हा दोष प्रकाराच्या माथी मारता येत नाही. तो विकणाऱ्यांच्या हिशेबाचा आहे.

त्या हिशेबालाही उत्तर मिळाले आहे. हेझलाइटच्या खेळांची प्रत एकाने घेतली, की दुसऱ्याला ‘फ्रेंड्स पास’ने तो खेळ सोबत ऑनलाइन फुकट खेळता येतो. पुण्यातली रात्र आणि न्यू जर्सीतली सकाळ अशी वेळ जुळवणाऱ्या मित्रांना हा मोठाच दिलासा. ऑनलाइन खेळतानाही पडद्याचे दोन भाग कायम राहतात, म्हणजे दूरच्या मित्राच्या वाट्याचे दृश्यही डोळ्यांसमोर असते आणि तो कुठे अडला आहे हे विचारावे लागत नाही. कोपराने ढोसणे तेवढे जमत नाही, आणि ती उणीव लहान नाही. दोघांवाचून न चालणाऱ्या खेळाला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे भाकीत मात्र साफ चुकले: ‘इट टेक्स टू’ला २०२१ चा ‘गेम ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला, आणि २०२४ पर्यंत त्याच्या दोन कोटींच्या घरात प्रती खपल्या. फुकट खेळलेले जोडीदार त्यात धरलेले नाहीत.