कृषिविस्ताराची हद्द बांधापुढे न्यायला हवी

संशोधन केंद्रात तयार झालेले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवणे म्हणजे कृषिविस्तार, ही व्याख्या या क्षेत्रात इतकी रूढ आहे की गावपातळीवरील कर्मचाऱ्यापासून विद्यापीठातील तज्ज्ञापर्यंत सर्वांची घडण तिच्यातच झाली आहे. मात्र अलीकडे या यंत्रणेवर गावात पिकणारे आणि रानात उगवणारे अन्न शहरातील ग्राहकाच्या ताटात नेण्याचीही जबाबदारी येऊन पडली आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरू लागले आणि अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावर गावरान बियाण्यांची चर्चा घरोघरी होऊ लागली. कुतूहल जागे झाले हे मोठेच यश आहे. परंतु पहिल्यांदा हे अन्न विकत घेणारा ग्राहक दुसऱ्यांदा का फिरकत नाही, याचा विचार फारसा होत नाही.

ज्वारीचेच पाहावे. गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे ग्लुटेन हे प्रथिन ज्वारीत नसते. तिच्या पिठातील पिष्ट, म्हणजे स्टार्च, गरम पाण्याने फुगून चिकट होते आणि त्या बळावर भाकरी थापता येते. पीठ जुने झाले की ते विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, आणि कसबी हातालाही भाकरी साधत नाही. दुकानातून महिन्यापूर्वी दळलेले पीठ आणणाऱ्या नवशिक्या गृहस्थाची भाकरी परातीतच तुटते आणि तो दोष स्वतःच्या हाताला किंवा ज्वारीला देऊन पुन्हा पोळीकडे वळतो. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ त्याहूनही लवकर कडू होते. पिशवीवर दळल्याची तारीख ठळक छापणे आणि थोडे थोडे, ताजे पीठ विकणे हा प्रचार कोणत्याही घोषवाक्यापेक्षा अधिक गुणकारी ठरेल.

वापराची माहिती मालासोबत न देण्याची ही उणीव रानभाज्यांच्या बाबतीत अधिकच जाणवते. मृगाच्या पावसात ठाणे, पालघर आणि रायगडच्या बाजारांत कातकरी व ठाकर स्त्रिया शेवळाच्या जुड्या आणतात, तेव्हा सोबत काकड या झाडाच्या आंबट फळांचा वाटाही ठेवतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो, आणि ती खाज मारण्यासाठी भाजीत काकडाचा रस किंवा चिंच घालावी लागते. विकणारीला हे ठाऊक असते, म्हणूनच ती दोन्ही शेजारी मांडते. महोत्सवाच्या मांडवात मात्र शेवळ एका टेबलावर वैज्ञानिक नावाच्या पाटीसह आणि काकड कुठेच नाही, असे घडू शकते. भारंगीचा पाला उकडून, पाणी पिळून टाकल्याशिवाय त्याचा कडवटपणा जात नाही, हेही असेच. या ज्ञानाच्या खऱ्या तज्ज्ञ त्या स्त्रिया आहेत आणि व्यासपीठावर पहिला मान त्यांचा असला पाहिजे.

औषधी गुणांच्या अतिशयोक्तीला तर आवर घालणे निकडीचे आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असते, ही गोष्ट तिच्या थोरवीसाठी पुरेशी आहे. नाचणीने मधुमेह बरा होतो असे सांगणे ग्राहकाची फसवणूक आहे आणि ती उघड झाली की विश्वास उडतो तो धान्याबरोबर पिकवणाऱ्यावरचाही. मागणी वाढल्यावर रानातला माल ओरबाडला जाण्याचा धोकाही तितकाच खरा आहे, म्हणून करटोलीसारख्या वेलीची शेतात लागवड वाढवणे आणि तिचे नर व मादी वेल वेगळे असतात, नर वेल ठेवल्याशिवाय फळ धरत नाही, हे लागवड करणाऱ्याला वेळीच सांगणे विस्तार कार्यकर्त्याचेच काम आहे.

येत्या पावसाळ्यात महोत्सव भरवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, शेतकरी उत्पादक कंपनीने आणि बचत गटाने मांडवात एक चूल पेटवावी, रानभाजी आणणाऱ्या स्त्रीला तिच्या कामाचे रीतसर मानधन द्यावे आणि प्रत्येक ग्राहकाला भाजीच्या जुडीबरोबर ती निवडण्याची व शिजवण्याची कृती छापून द्यावी.