आईसाठी भांडे घेताना

चौदा एप्रिलला, दिवाळीच्या सुट्टीत किंवा पहिल्या पगाराला आईसाठी काहीतरी न्यावे, असे प्रत्येक मुलामुलीला वाटते. सुरतेला, अंकलेश्वरला कामावर असलेली आपली मुले धरणगाव स्टेशनावर गाडीतून उतरतात, तेव्हा पिशवीत बहुधा साडी असते. साड्या पुरेशा झाल्या की मग भांड्यांची आठवण होते. या खेपेस त्याविषयीच लिहावे, असे आम्ही ठरवले.

भांडी आपल्या घरात येत नाहीत असे नाही. लग्नात येतात, घरभरणीला येतात, त्यावर ठोकून नावे घातलेली असतात. पण ती कोठे जातात? मांडणीवर. भिंतीच्या फळीवर स्टीलचे डबे, पेले आणि पातेली रांगेने चमकत असतात, आणि खाली शेगडीवर आई मात्र बूड काळे पडलेल्या, काठ वाकलेल्या जर्मनच्या पातेल्यात वरण शिजवते. पातेल्याला कान नाही, सांडशीचा खिळा ढिला झालेला. त्या सांडशीने उकळते पातेले उचलताना तिचा हात थरथरतो, हे आपण कधी जवळ उभे राहून पाहिले आहे काय? नवे भांडे दिले तरी ती म्हणणार, "इतला खर्च कसाले कया रे भाऊ?" आणि पुसून फळीवर ठेवून देणार.

हा केवळ काटकसरीचा स्वभाव आहे, असे आम्हास वाटत नाही. आपल्या आज्यापणज्यांना चांगले भांडे वापरण्याची सवयच होऊ दिली नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, असे लिहून ठेवले आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, तो हाच. आणि ही गोष्ट पोथीतच राहिली असेही नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचे जे भाषण छापले, त्यात गुजरातेतील अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची हकिकत आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य भगिनी धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून गावच्या सवर्णांनी त्यांना मारहाण केली. घागर पितळेची की मातीची, यावरून बाईवर हात उचलला गेला, त्याला अजून शंभर वर्षे झालेली नाहीत. तेव्हा आईला चांगले भांडे द्यायचे ते फळीवर ठेवण्यासाठी नव्हे. तिने रोज वापरावे म्हणून द्यायचे. आणि ती रोज वापरील असेच निवडायचे.

त्यासाठी दुकानात जाताना आईला बरोबर घ्या. धरणगावात मिळाले तर उत्तमच, नाहीतर जळगाव काही लांब नाही. अचानक भेट देऊन तिला चकित करण्याची हौस असते, ती कपड्यांपुरती ठेवा. भांडे तिच्या हाताला पेलते की नाही, हे तिच्या हातालाच कळते. कान धरून उचलून पाहू द्या. बोटे कानात नीट जातात का, ओल्या हाताने सुटते का, रिकामेच जड वाटते का, हे पाहावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. रिकामे असतानाच जड लागणारे पातेले भरल्यावर साठी ओलांडलेल्या बाईने शेगडीवरून कसे उतरवायचे?

कुकरची चूक तर घरोघरी होते. मुले बाहेरगावी, घरात आई-वडील दोघेच, आणि मुलगा आणतो पाच लिटरचा कुकर, का तर भाव थोडाच जास्त होता! अर्धा भरला तरी तो पाच किलोच्या घरात जातो. दोघांना तीन लिटरचा पुष्कळ झाला. पाहुणे आले की जुना मोठा आहेच. हातांचे सांधे धरलेल्या आईसाठी एका लांब दांड्याच्या कुकरपेक्षा दोन्ही बाजूंना धरता येईल असा बरा. झाकण तिने स्वतः दोन-तीनदा लावून काढून पाहावे. काही कुकरांचे झाकण आतून बसते, काहींचे वरून फिरवावे लागते. कोणते सोपे, ते सवयीवर आहे, दुकानदाराच्या बोलण्यावर नाही. आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा आकडा भांड्यावर असलाच पाहिजे. १ फेब्रुवारी २०२१ पासून त्यावाचून घरगुती कुकर विकायला कायद्याने बंदी आहे. रस्त्यावरच्या ढिगातला बिनखुणेचा कुकर स्वस्त पडला म्हणून आईच्या चुलीवर ठेवू नका. एक जादा रबरी कडे त्याच वेळी घेऊन ठेवावे, कारण ते झिजले की वाफ निसटते आणि आई शिट्टीची वाट पाहत बसते. डाळ शिजवताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. डाळीचा फेस वर येऊन शिट्टीची नळी बंद करतो.

आता धातूचे. जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, हलके आणि लवकर तापणारे. भातासाठी, पाण्यासाठी चालते. पण चिंच, टमाटे, ताकाची कढी असे आंबट त्यात शिजवून तसेच ठेवू नये. आंबटाने ते झिजते. स्टीलला आंबटाची भीती नाही, परंतु पातळ पत्र्याच्या स्टीलमध्ये वरण हमखास करपते, कारण त्यातून उष्णता सारखी पसरत नाही. म्हणून बूड जाड हवे. बुडाशी ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवलेली पातेली मिळतात, ती चांगली. तांब्याच्या बुडाची म्हणून जी लालभडक विकतात, त्यांतल्या बहुतेकांवर नुसता पातळ मुलामा असतो. पहिल्या घासणीबरोबर शोभा गेली! आणि दुकानदार चुंबक लावून दाखवतो, "चिकटत नाही, म्हणजे अस्सल," त्यावर भुलू नका. स्वस्तातल्या २०० क्रमांकाच्या जातीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. भांड्यावर ३०४ हा आकडा कोरलेला आहे काय, ते पाहावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

खान्देशात भाकरीवाचून घर नाही, तेव्हा तव्याविषयी दोन शब्द. न चिकटणारा काळ्या मुलाम्याचा तवा हल्ली भेट म्हणून फार दिला जातो. डोशाला, आम्लेटला तो ठीक. पण कळण्याच्या भाकरीला रिकामा तवा मोठ्या आचेवर कडक तापवावा लागतो, आणि असा तापवला की तो मुलामा बिघडतो. २६० अंशांच्या वर गेला तर त्यातून घातक धूर निघू लागतो. चुलीवर तर तो ठेवूच नये. भाकरीला लोखंडी तवाच हवा. बिडाचा उत्तम तापतो, पण जड असतो आणि फरशीवर पडला तर तडकतो. मनगट दुखणाऱ्या आईला पोलादी पत्र्याचा, मध्यम जाडीचा तवा घ्या. आणल्यावर घासून, तापवून, तेल लावून, अर्ध्या कांद्याने चोळून दोन-तीनदा जाळून काढला की तयार झाला. हे काम मुलाने स्वतः करून द्यावे.

आणि विळी. पन्नास वर्षे आई जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरत आली आहे. तिची विळी घिसाड्याने मोटारीच्या कमानपाट्याच्या पोलादातून घडवलेली असेल, तर बाजारातल्या चकचकीत सुरीपेक्षा तिचे पाते सरस असण्याचीच शक्यता जास्त. तिला धार लावून आणली तरी भेट झाली. परंतु गुडघे गेले, खाली बसवत नाही, म्हणून ती ओट्याशी उभी राहून मोडक्या सुरीने वांग्याला चिरा देत असेल, तर तिला चांगली सुरी आणि लाकडी पाट दोन्ही द्या. सहा-सात इंची पाते पुरे. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि रिवेटने पक्के बसवलेले असावे. प्लॅस्टिकच्या मुठीत नुसते खोचलेले पाते एके दिवशी कांद्यात अडकून हातात मूठ राहते. लसूण-मिरचीला एक लहान सुरी. सहा सुऱ्यांचा संच ठोकळ्यासकट आणू नका; त्यातल्या चार तशाच पडून राहतात. बोथट सुरी सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. ती जोर देऊन दाबावी लागते, म्हणूनच निसटते आणि बोट कापते. धारवाला गल्लीत आला की सुरी त्याच्याकडे गेलीच पाहिजे.

सुरी भेट दिली की नाते तुटते, शनिवारी लोखंड घरात आणू नये, असे सांगणारे भेटतील. कामगाराला सुट्टी ज्या दिवशी मिळते तो दिवस खरेदीचा. शनिवारी घेतलेल्या तव्यावरची भाकरीही तशीच फुगते.

वडील एकटे राहत असतील तर हे सारे त्यांनाही लागू आहे. तेथे लहान भांडी, हलके झाकण आणि एक चांगला चिमटा आधी घ्या. नव्याने चूल हाती घेणाऱ्या पुरुषाचे हात पहिल्या महिन्यातच भाजतात.

शेवटी जुन्या भांड्यांचे. दुकानदार मोड घेतो, वजनावर पैसे वळते करतो. बूड गेलेले जर्मनचे पातेले खुशाल द्या. पितळेचे मात्र आईला विचारल्यावाचून मोडीत घालू नका. त्यावर तिच्या वडिलांचे नाव असू शकते, आणि त्या काळी ते पातेले घ्यायला त्यांनी किती दिवसांची मजुरी घातली, हे तिलाच ठाऊक असते. कळकण्याची भीती असेल तर कथलाची कल्हई करून घ्या. दोन्ही वेळचे वरण त्यात पुन्हा शिजू लागेल.