पारख्याचा हिशेब

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारली जाते की तिची सत्यता तपासावी असे कुणाच्या मनात येत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र एक अख्खा व्यवसाय ह्या म्हणीवर उभा आहे आणि दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात तिची जाहीर परीक्षा होते. तेथील व्यावसायिक फुटबॉल संघ त्या महिन्यात अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची पाळीपाळीने निवड करतात. ह्या निवडीला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. निवड संपते न संपते तोच वृत्तपत्रे कोणत्या संघाच्या पारख्याने बाजी मारली व कोण फसला ह्याचे गुण देऊन मोकळी होतात. ह्या घाईच्या न्यायाबद्दल मला येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

आम्हां इंदूरकरांना गुणग्राहकतेची महती सांगावयास नको. होळकर दरबाराने नागपूरच्या सी. के. नायडूंना येथे आणले, आणि होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. परंतु नायडू इंदुरास आले तेव्हा त्यांची बॅट मोठ्या सामन्यांतून आधीच बोलून चुकली होती. शिवाय दरबाराला कुणाच्या पाळीची वाट पाहावी लागत नव्हती. ऑस्ट्रेलियातील पारख्याला ह्या दोन्ही सोयी नाहीत. त्याच्यापुढे असतो तो न सिद्ध झालेला मुलगा, आणि त्याच्या आधी रांगेत उभे असतात दुसरे संघ.

ह्या पद्धतीचा आरंभ १९८६ साली झाला. व्हिक्टोरिया राज्याच्या ज्या लीगने ती सुरू केली, तिनेच १९९० मध्ये ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ हे नाव धारण केले. नियम साधा आहे. गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याला पहिली निवड, आणि जो विजेता ठरला त्याला फेरीतील शेवटची. श्रीमंत संघांनीच सारे गुणी खेळाडू गोळा करू नयेत, हा त्यामागचा हेतू. संघांनी आपसांत पाळ्यांची देवघेव केल्यामुळे हा क्रम पुढेमागे होतो, परंतु तत्त्व तेच राहते.

पाळण्यातले पाय किती फसवे असतात ते पाहा. १९८७ साली रिचमंड संघाने सर्वांत पहिला म्हणून निवडलेला रिचर्ड लाउंडर त्या संघाकडून अवघे ४ सामने खेळला. उलट १९९० साली एसेंडन संघाने ७९व्या क्रमांकावर उचललेला जेम्स हर्ड १९९६ मध्ये ब्राउनलो ह्या सर्वोच्च पदकाचा संयुक्त मानकरी झाला, आणि २००० साली त्याच्याच नेतृत्वाखाली एसेंडनने अजिंक्यपद मिळवले.

ह्या क्षेत्रात ज्याचे नाव आदराने घेतले जाते तो जिलाँग संघाचा स्टीफन वेल्स. जिलाँग हे मेलबर्नच्या नैर्ऋत्येस असलेले बंदराचे गाव. १८५९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील संघाने १९६३ नंतर कित्येक वर्षे अजिंक्यपद पाहिले नव्हते. वेल्सच्या कीर्तीचा पाया दोन वर्षांच्या निवडींवर आहे. १९९९ साली त्याने ८व्या क्रमांकावर जोएल कोरी, ३१व्यावर पॉल चॅपमन, ३८व्यावर कॅमेरन लिंग व ४७व्यावर कोरी एन्राइट हे खेळाडू घेतले. २००१ साली ८व्या क्रमांकावर जिमी बार्टेल, १७व्यावर जेम्स केली, २४व्यावर स्टीव्ह जॉन्सन आणि ४०व्यावर धाकटा गॅरी ॲब्लेट आला. २००७ च्या अंतिम सामन्यात जिलाँगने पोर्ट ॲडलेडचा विक्रमी ११९ गुणांनी पराभव केला, तेव्हा हे आठही जण मैदानावर होते. पुढे २००९ व २०११ मध्येही तोच संघ विजयी ठरला. त्या तिन्ही अंतिम सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूची पदके अनुक्रमे जॉन्सन, चॅपमन आणि बार्टेल ह्यांनी मिळवली.

यादी एवढीच वाचली तर वेल्सला द्रष्टा म्हणण्याचा मोह होईल. पण हिशेब लिहावयाचा तर जमेबरोबर खर्चही लिहिला पाहिजे.

पहिली गोष्ट, जे श्रेय नियमाचे आहे ते माणसाला देऊ नये. बापाने एखाद्या संघाकडून ठरावीक सामने खेळले असतील तर मुलावर त्या संघाचा अग्रहक्क राहतो. धाकटा ॲब्लेट जिलाँगच्या गाजलेल्या खेळाडूचा मुलगा. तो ह्याच वाटेने आला. २००६ मध्ये ४१व्या क्रमांकावर आलेला टॉम हॉकिन्सही तसाच. घरच्या विहिरीचे पाणी काढण्यास पाणाड्या लागत नाही.

दुसरी गोष्ट, ज्या वर्षी पीकच भरघोस त्या वर्षी सर्वांचीच कोठारे भरतात. २००१ हे तसे वर्ष होते. ल्यूक हॉज व ख्रिस जड हे पुढे अतिशय नावाजलेले खेळाडू त्याच वर्षीचे, आणि ते वेल्सची पाळी येण्यापूर्वीच निघून गेले होते.

तिसरी गोष्ट चुकांची. २००३ साली ७व्या क्रमांकावर जिलाँगने केन टेनेसला घेतले. तो अपेक्षेइतका चमकला नाही. त्याच वर्षी १९व्या क्रमांकावर फ्रीमँटल संघाला डेव्हिड मंडी मिळाला, जो साडेतीनशेहून अधिक सामने खेळला. ही चूक पारखीची. परंतु २०१४ मध्ये १०व्या क्रमांकावर घेतलेल्या नकिया कॉकाटूचे काय? त्याच्या खेळात धमक होती. शरीराने वारंवार दगा दिला. दोन्ही नोंदी एकाच रकान्यात टाकणे अन्यायाचे होईल.

किती सामने खेळला, हा ढोबळ मापदंड तिकडे फार वापरला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. दुबळ्या संघात सामान्य खेळाडूलाही जागा मिळते आणि बळकट संघात गुणी मुलगाही बाकावर बसून राहतो.

आता १९९९ च्या निवडीकडे पुन्हा वळू, कारण तीत एक गोष्ट दडलेली आहे. ८व्या व ३१व्या क्रमांकांच्या मध्ये जिलाँगने आणखीही मुले घेतली होती. १५व्यावर डेव्हिड स्प्रिग्ज होता, १७व्यावर एझ्रा ब्रे. ह्या दोघांपैकी कुणीही पुढे त्या विजयी संघांत नव्हता. म्हणजे त्या दिवशी खुद्द वेल्सच्या वहीत हे दोघे चॅपमन, लिंग आणि एन्राइट ह्यांच्यापेक्षा वरचे होते! एन्राइट ३३२ सामने खेळणार आणि तिन्ही अजिंक्यपदांचा मानकरी होणार, हे वेल्सला दिसले असते तर त्याने ४७व्या पाळीपर्यंत त्याला उघड्यावर सोडले असते काय? दरम्यान इतर प्रत्येक संघाला त्याला उचलून नेण्याची संधी होती.

ह्यावरून वेल्स लहान ठरत नाही. त्याचा मोठेपणा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो, इतकेच. एन्राइट आला तो दक्षिण ऑस्ट्रेलियातील किंबा नावाच्या गव्हाच्या गावातून, जॉन्सन वांगरट्टाकडचा, कोरी पश्चिम टोकाच्या पर्थचा, तर लिंग व बार्टेल जिलाँगच्याच युवक संघातून आलेले. इतक्या दूरवर आणि इतक्या जवळ सारख्याच बारकाईने पाहणारा माणसाजवळ भविष्य नसले तरी भरपूर माहिती असते. म्हणून रांगेच्या शेपटाला, जेथे इतरांच्या वह्या कोऱ्या होत जातात, तेथे त्याच्या वहीत अजून नावे शिल्लक राहतात. १९९९ ची ही करामत एकदाच घडली असती तर मी तिला नशीब म्हटले असते. पण २०१६ साली ४०व्या क्रमांकावर त्या संघाने टॉम स्ट्यूअर्ट घेतला. तो तेव्हा २३ वर्षांचा, म्हणजे ह्या बाजारात जवळजवळ म्हातारा! पुढे तो देशातील अग्रगण्य बचावपटूंत गणला गेला व २०२२ च्या विजयी संघात होता.

आणखी एक श्रेय संघाच्या पदरी घातले पाहिजे, ते धीराचे. २००६ मध्ये जिलाँग दहाव्या स्थानावर घसरला. सगळ्या कारभाराची झडती झाली आणि प्रशिक्षक मार्क थॉम्पसन ह्यांचे आसन डळमळले. त्या वेळी कुणी वेल्सच्या निवडींना नापास केले असते तर त्याला पुराव्याची वाण नव्हती; १९९९ च्या मुलांना येऊन सात वर्षे झाली होती आणि करंडक नव्हता. संघाने थॉम्पसन व वेल्स ह्यांना बदलले नाही. त्याच वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळे मागे पडलेला जोएल सेलवुड ७व्या क्रमांकावर त्यांच्या वाट्याला आला. त्याच्या आधी सहा संघांनी त्याला वगळले होते. वर्षभरातच चाळीस वर्षांहून जुना दुष्काळ संपला, आणि हाच सेलवुड २०२२ मध्ये विजयी कर्णधार झाला.

तेव्हा माझे मत असे की, पारख्याचा हिशेब दहा वर्षांनी मांडावा, आणि तोही पहिल्या पाळीवरून नव्हे तर शेवटच्या पाळ्यांवरून. पहिल्या दहांत चांगला मुलगा मिळणे हे बरेचसे रांगेतील जागेचे काम आहे. चाळिसाव्या पाळीवरही कुणासाठी जागा राखणे आणि मग त्याला वेळ देणे, हे माणसाचे काम आहे.

आपल्या घरांतूनही अठराव्या वर्षीच्या गुणपत्रिकेवरून थोरल्याला हुशार आणि धाकट्याला मठ्ठ ठरवण्याची घाई होतेच. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी किंब्याच्या त्या मुलाचा ४७ हा आकडा आठवावा. ज्याने त्याला निवडले त्यालाही त्या दिवशी त्याचे मोल पुरते कळले नव्हते. फक्त त्याने दार लावून घेतले नाही.