सिल्की म्हणजे सिल्क नव्हे

लग्नसराईत दुकानदार साडीचा पदर ग्राहकाच्या हातावर टाकतो. “बघा ताई, किती सिल्की आहे!” कापड बोटांवरून सरकन घसरतं आणि सौदा पटतो. धागा कसला, हे अनेकदा कुणी विचारतही नाही.

शाम्पूपासून भिंतीच्या रंगापर्यंत आता सगळंच ‘सिल्की’ असतं. मऊ, गुळगुळीत, जरा चमकणारं, एवढाच अर्थ त्यात उरला आहे. मुळात हे नाव माणसांचं. रेशीम जिथून येई त्या पूर्वेकडच्या लोकांना ग्रीक ‘सेरेस’ म्हणत. त्यावरून रेशमाला लॅटिनमध्ये ‘सेरिकम’ नाव पडलं, आणि इंग्रजी ‘सिल्क’ही त्याच घराण्यातला मानला जातो.

गंमत अशी की तुतीच्या पाल्यावर वाढलेल्या अळीच्या कोशातून निघालेला धागासुद्धा सिल्की नसतो. त्यावर सेरिसिन नावाचा चिकट थर असतो, त्यामुळे तो ताठर लागतो. साबणाच्या पाण्यात उकळून हा थर काढला की वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा जातो. उरतो तो तंतू आडव्या छेदात जवळपास त्रिकोणी असतो. त्यावर उजेड पडला की ती ओळखीची झळाळी दिसते.

मग भंडारा-गडचिरोलीच्या कोसा रेशमाचं काय? ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या अळीचा हा धागा जाडसर, मधाच्या रंगाचा आणि हाताला किंचित खरबरीत असतो. विदर्भाची करवतकाठी साडी याच धाग्याची. अस्सल रेशीम, पण सिल्की नाही! नुसत्या गुळगुळीतपणावर पारख करणारा ग्राहक ती बाजूला सारतो आणि खनिज तेलापासून बनलेल्या पॉलिएस्टरला रेशमाचा भाव देतो. यात ग्राहक फसतो आणि विणकराच्या पोटावर पाय येतो.

अमेरिकेत १९२४ मध्ये व्यापाऱ्यांनीच ‘कृत्रिम रेशीम’ हे नाव सोडून ‘रेयॉन’ स्वीकारलं. आपल्याकडे २००४ पासून अस्सल रेशमाची खूण म्हणून ‘सिल्क मार्क’ आहे, पण तो ऐच्छिक. तुती, कोसा की पॉलिएस्टर, हे प्रत्येक बिलावर लिहिणं सक्तीचं व्हायला हवं.

तोवर पदराच्या दशीतला एखादा धागा काढून जाळून पाहावा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो.